रुखवतातला बॅकअप

परदेशातून जुन्या नोंदी जतन करायचं शिकून मी नांद्याला परतले, तेव्हा मला खरंच वाटलं होतं की गाव माझी वाट बघत असेल. गावाला फक्त माझ्या लग्नाची तारीख हवी होती.

तरी घरोघरचे जुने फोटो मागून आणले, स्कॅन केले आणि परत दिले. क्लाउडवाल्या कंपन्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून सगळं डीव्हीडींवर उतरवलं. प्रत्येकीची दुसरी प्रतही काढली, तसं शिकवलंच होतं. दोन्ही गठ्ठे आमच्या एकत्र कुटुंबाच्या एकाच कपाटात ठेवले, हे मात्र माझं स्वतःचं संशोधन. मग लॅपटॉप रिकामा केला.

काकूच्या मुलीच्या लग्नात रुखवत बघायला गेले, तर टेबलावर मोरांची रांग! सगळ्या माझ्या डीव्हीडी, फोटो साठवलेल्या चकाकत्या बाजूवरच गोंद आणि कुंदन.

"काकू, या माझ्या आहेत!"

"व्हय. कपाटात नुसत्या पडून हुत्या."

"त्यात अख्ख्या गावाचे फोटो होते! दुसरी प्रत कुठेय?"

"ही काय, लांडोर. दोन-दोन सारख्याच हुत्या, म्हणलं जोडी झ्याक दिसंल."

"आता फोटो कुठून आणू?"

"ज्याच्या त्याच्या भितीवर हायेत की! त्यांचे न्हाई हरवले, तुझेच हरवले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं: पुन्हा घरोघरी जायचं आणि यावेळी तिसरी प्रतही काढायची. तिला चकाकती बाजू सोडून, नाव लिहायच्या बाजूने मीच कुंदन लावणार आणि काकूच्या शोकेसमध्ये ठेवणार. तिथल्या वस्तूला आमच्या घरात कुणी हात लावत नाही.