बोटाले लागन अशी कड

नाई नाई, ते गुळगुळीत आता ठेवा बाजूले, रहेमतभाऊ – सांगून राह्यली नं, मले ही बारीक चौकटवाली पसंत हाय. काय म्हनता तुमी मिस्तरी लोक याले, शटर? हाव, शटर. म्हंजे कपाटाचं दारच, पर दार म्हटलं तं भाव वाढत नाई तुमचा. हसा, हसा! हे पयलं पांढरं, चमकनारं, इकडून तिकडं सपाट, ना कड ना मूठ – सुनबाईनं मोबाईलवर हेच धरून ठेवलं हाय. हे दुसरं चार बोटं रुंद चौकटीचं, याच्या खाचीत फोडनीचं तेल अन् पीठ बसलं का बसा दिवाळीपर्यंत खरडत. अन् हे तिसरं, करंगळीएवढी पट्टी चारी अंगानं, बस. तुमी पोराले सांगा का आजकाल हेच चालते. तुमच्या तोंडून ऐकन तो. माह्यं कोन ऐकते?

हात काऊन फिरवून राह्यली? सवय हाय बाप्पा. आमी जवारीबी हात घालूनच पाहतो. तुमी माप घ्या तुमचं – चहा येते आता, गॅस मागच्या पडवीत नेला नं, सुनबाई सुवर्णा तिकडंच मांडून राह्यली असन. बरं, एक काम करजा. डाव्या हाताच्या तिसऱ्या शटरले खालच्या पट्टीवर एक खाच मारा. नखाएवढी, कोनाच्या ध्यानात न येनारी. तिथं मीठ राहीन. त्याच्या बाजूच्याले दोन खाचा, तिखटाच्या. अन् एकदम खाली कोपऱ्यात सपाट ठेवा, तिथं रांगोळीचा डबा. काऊन म्हंजे? असंच. म्हाताऱ्या मानसाचं खूळ समजा. पट्टी बारीक असली का बोट सरकत सरकत बराबर जाते, रुंद पट्टीवर भटकते, अन् त्या सपाटावर तं – त्या सपाटावर मले दार कुठं अन् भिंत कुठं, तेच कयत नाई भाऊ.

आता टेप काऊन खाली ठेवला? बोलली मी, बोलून गेली. घरी तुमच्या चांदबीलेबी सांगू नका, तुमाले बालाजी महाराजाची आन. चिखलीले डोयाचं शिबिर होतं, देवळाच्या नावानं गेली होती मी. वाटलं मोतीबिंदू असन, काढून टाकतीन. डॉक्टर म्हने, मावशी, मोतीबिंदू नाई, मागचा पडदा खराब झाला. मधलं जाईन, कडाकडाचं दिसत राहीन. अन् तसंच झालं पहा. आता तुमी समोर उभे हायत तं मले तुमचे कान दिसून राह्यले, टोपी दिसून राह्यली, मधात तोंडाच्या जागी धूर. हसता का रडता, ते तुमी बोलल्यावर समजते. पोराले कसं सांगू? तो चांगला हाय, म्हनूनच भेव वाटते. दुसऱ्या दिवशी ओट्यापासून उठवन मले, खुर्चीवर बसवन, हातात माळ देईन. अठ्ठेचाळीस वर्षं झाली या घरात चूल पेटवून, रहेमतभाऊ – रांधनं गेलं तं मंग मी या घरात कोन?

नाई, आजून कोनाले समजलं नाई. मी समजू देल्लं नाई. समजायची येळ आली होती एकडाव – गेल्या महालक्ष्म्यांले. जाऊ द्या ते. ...आता काय लपवू तुमच्यापासून? महालक्ष्म्यांचा सैपाक, सोळा भाज्या, पुरन, आंबील, अन् कढी माह्या हातची, कारन उंद्रीचे जवाई कढीसाठीच येते. माह्या लेकीचा, वंदनाचा मालक. सकायीच अंगनात रांगोळी टाकली होती अन् डबा ओट्यावरच राह्यला. पांढरी ते पांढरी. मुठीनं टाकली मी कढीत, मीठ समजून. बोटाले खरखर लागलीबी, पर घाई, पाहुने बसलेले, म्हटलं जाडं मीठ असन. तोच निवद देवीले दाखवला, भाऊ! देवीले रांगोळी चारली मी. अन् जवायानं पयला घास घेतला, तं दाताखाली कचकच – पानावर थुकला मानूस अन् उठला.

राजकुमार, माहा पोरगा, तनतनत आला. म्हने, कढीत मिठाच्या जागी रांगोळी कोनं टाकली? अन् सुवर्णा उभी होती माह्याजवळ, हातात कढीचं वगराळं. मी... मी काई बोललीच नाई. एक अक्षर नाई. ती माह्याकडं पाहून राह्यली असन, मले काय दिसते तोंड? त्यानं साऱ्या पाहुन्यांत तिचा मायबाप काढला. ती 'मी नाई' असंबी नाई म्हटली. साखरखेर्ड्याले गेली माहेरी, आठ दिवस आली नाई. आली तव्हापासून मिठाच्या डब्याले हात लावत नाई ती, आधी मले इचारते, आई, तुमीच टाका. ऐका! मलेच टाकाले लावते! दररोज सुरी फिरते माह्या काळजातून. म्हनलं, आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं तं डोये समजतीन, डोये समजले तं ओटा जाईन. एका ओट्यासाठी लेकीसारखी पोर खोटी केली मी, भाऊ, चोर केली.

काय झालं? टोपी फिरली तुमची, मागं काय पाहून राह्यले? रहेमतभाऊ? कोन हाय दारात?

...चहा आनला काय बाई? आन इकडं. थांब, सांडन, मीच घेते. अगं... कप तं गार हाय. बोटाले सायबी लागली.

मंग कव्हाची उभी हायेस तू?

सुवर्णा, बोल नं काई. शिव्या दे, पर बोल. तुझं तोंड दिसत नाई मले.

रहेमतभाऊ, तुमी जा आता. नमुने राहू द्या ओट्यावर, माप उद्या घेजा. शटरचं तिलेच इचारा, सपाट म्हनन तं सपाट. जा म्हनते नं.

सुवर्णा?