गाठ लागली की डावीकडे

बाबा : खोटं आहे. वाजवून बघ, टणटण करतंय. लाकूड असं बोलत नाही.

लेक : बाबा, ती टाइलच आहे. लाकूड म्हणून कोणी तुमच्या गळ्यात मारत नाहीये. फक्त दिसायला लाकडासारखी.

बाबा : आणि या घरात दिसत नाही ते एकट्या मला. मग हे सोंग कोणासाठी आणलंस?

लेक : माझ्यासाठी! मी रांगले ती तुमच्या हातच्या लाकडी जमिनीवर. काल मिस्त्रींनी ती उखडली, तर खाली वाळवीचा नुसता भुसा. त्या जागी पांढरी फरशी मला बघवली नसती.

मिस्त्री : खरंय, सुतारकाका. ताईंनी एवढे नमुने काढायला लावले, दुकानदाराने शेवटी हात टेकले. मी होतो ना बरोबर.

बाबा : तू फरशीवाला, तू फरशीचीच बाजू घेणार. माझी बाजू वाळवीने खाल्ली.

लेक : चिडू नका ना. ही पुसायला सोपी, पाणी सांडलं तरी फुगत नाही...

बाबा : मी चिडलेलो नाही. मला भीती वाटतेय.

लेक : भीती? कशाची?

बाबा : ऐक. पलंगावरून उतरलो की चौथ्या पावलाला एक फळी कुरकुरायची. तिथून डावीकडे वळलं की खिडकी, माझी खुर्ची. न वळता अजून दोन पावलं गेलं की एक रुंद सांधा लागायचा, बोट अडकेल एवढा. तिथून उजवीकडे बाथरूम. डोळे जाऊन तीन वर्षं झाली. तुला काय वाटलं, मी अंदाजाने फिरतो?

लेक : मला वाटलं, सवयीने.

बाबा : सवय पायाखालच्या जमिनीची होती. आज सकाळी सिमेंटवर उभा राहिलो आणि पलंग कुठे राहिला तेच कळेना. माझ्याच खोलीत, गं! भिंत सापडेपर्यंत घाम फुटला मला.

लेक : हे तुम्ही कधी बोलला का नाहीत?

बाबा : पाय काम करत होते तोवर तोंड कशाला वाजवू?

लेक : मी धरून नेत जाईन.

बाबा : आठला जातेस, सहाला येतेस. मधले दहा तास काय करू? पलंगाला बांधून ठेवतेस?

लेक : असं बोलू नका हो. दिवसभरासाठी एखादी बाई बघू.

बाबा : म्हणजे पाच पावलांवरच्या खिडकीत बसायला मला कोणाची तरी परवानगी लागणार.

मिस्त्री : ताई, काका, तुमचं चालू द्या, पण काका, जरा पाय उचलता का? टाइलवर उभे आहात. नुसत्या मांडून बघतोय, अजून चिकटवलेल्या नाहीत.

बाबा : थांब.

मिस्त्री : सरकेल हो ती.

बाबा : थांब म्हणतो ना! अंगठ्याखाली काय आहे हे?

मिस्त्री : काही नाही. टाइलच आहे.

बाबा : गाठ आहे. आणि रेघा तिला वळसा घालून चालल्यात. पोरी, हात दे, मला खाली बसव.

लेक : सावकाश. गुडघा सांभाळा.

बाबा : अगं बाई! हा बघ बुडखा, हा शेंडा. इथून फांदी फुटली होती, ती लहानपणीच मोडली. म्हणून गाठ काठाला सुटी आहे. आणि इथे रेघा अशा दाटल्यात की नख जाईना. चार-पाच वर्षं पाण्याविना काढली या झाडाने. मग पुढे बघ, मोकळं झालं. पाऊस आला त्याला.

मिस्त्री : काका, चित्रात जिथे गाठ आहे, तिथेच बोट आहे तुमचं. अगदी तिथेच! ताई, बघताय ना?

लेक : बघतेय. बाबा, तुम्हाला किती कळतंय हातानं!

मिस्त्री : पंधरा वर्षं मी या टाइल बसवतोय, हजारो बसवल्या असतील. यात एवढं लिहिलंय हे मला कोणी सांगितलंच नाही.

बाबा : तू मला सांग, हे आलं कुठून? कुणाच्या डोक्यातून एवढं निघत नाही.

मिस्त्री : खऱ्या फळ्या घेतात म्हणे कारखान्यात. त्यांचा फोटो काढतात, वरचा खरखरीतपणा साच्यात उतरवतात आणि भाजतात.

बाबा : म्हणजे हे झाड खरंच होतं?

मिस्त्री : असणारच की.

बाबा : चाळीस वर्षं झाडं चिरली मी. एक झाड, फार तर एका घराला पुरलं. आणि हे एकच झाड किती घरांत उभं आहे! पुन्हा न चिरता. उन्हापावसाची सगळी वर्षं अंगावर घेऊन. आणि मी त्याला खोटं म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

लेक : रडताय का बाबा?

बाबा : रडू दे. अशी वस्तू रोज हाती लागत नाही. दुसरी दे रे. ही वेगळी फळी. तिसरी दे. ही पुन्हा पहिलीच!

मिस्त्री : बरोबर. एकूण नऊ चेहरे असतात, म्हणजे नऊ वेगळ्या फळ्यांचे ठसे, तेच फिरून फिरून येतात. म्हणून तर आधी मांडून बघतो. सारखे दोन शेजारी आले की बघणाऱ्याला लगेच कळतं, लाकूड नाही ते.

बाबा : गाठीवाली एकच?

मिस्त्री : एकच. या खोलीत तिचे चौदा-पंधरा नग येतील.

बाबा : बाकीच्या सगळ्या पलंगाखाली घाल, कपाटाखाली घाल. तीन मला ठेव. चौथ्या पावलाला एक गाठ. सहाव्याला दोन, शेजारी शेजारी.

मिस्त्री : शेजारी शेजारी? काका, माझ्या धंद्यात त्याला चूक म्हणतात. उद्या कोणी पाहिलं तर म्हणेल, मिस्त्रीचं लक्ष कुठे होतं!

लेक : म्हणू देत. मिस्त्री, तुम्ही ती चूक नीट मापात करा.

बाबा : एक गाठ, खिडकी. दोन गाठी, बाथरूम. आणि रेघा पलंगाकडून सरळ पुढे जाऊ देत, म्हणजे तिरपा गेलो की तळव्याला कळेल.

लेक : पण बाबा, हाताला कळणं वेगळं. पायाला एवढं बारीक कळेल?

बाबा : रंधा मारताना सुतार फळी कशाने धरतो? पायाने. माझे तळवे हातांच्या आधी कामाला लागलेत. आणि मिस्त्री, ही फळी मध्ये किंचित वर आलीय. पोट आहे हिला.

मिस्त्री : आता मात्र कमाल झाली! भट्टीत भाजताना लांब टाइल जराशी वाकतेच. डोळ्याला दिसत नाही. म्हणून दुसरी टाइल निम्म्यावर जोडायची नाही, तिसऱ्या हिश्शावर जोडायची. नाहीतर काठ वर येतो, ठेच लागते.

बाबा : लाकडाचंही तेच. आणि भिंतीशी फट सोड, फुगायला.

मिस्त्री : टाइल फुगत नाही, काका! पण फट सोडतो मी. घर तरी हलतंच ना थोडं.

बाबा : बघ, तुझं नि माझं एकच निघालं. मी एक डोळा मागत होतो पोरी, इथे तीन मिळाले.

(चौथ्या दिवशी सकाळी. सांधे भरून वाळले आहेत. बाबा अनवाणी, पलंगाच्या कडेला.)

लेक : हात देऊ?

बाबा : नको.

लेक : निदान मी शेजारून...

मिस्त्री : ताई, जाऊ द्या त्यांना. पाच मिमी इकडेतिकडे नाही. काकांची पावलं मोजून टाइल बसवल्यात.

बाबा : बोलू नका रे. एक. दोन. रेघा सरळ आहेत. तीन. चार...

लेक : बाबा?

बाबा : आहे. गाठ आहे. अजून दोन जाऊ दे मला. पाच. सहा. दोन्ही आहेत! उजवीकडे... हे दार. हीच कडी. आता परत फिरतो. एक, दोन, ही गाठ. खिडकी आता उजव्या हाताला. हं, ही खुर्ची.

मिस्त्री : मी एवढी घरं केली. माझ्या फरशीवर असं चालताना मी कोणाला पाहिलं नाही.

लेक : बाबा, मला दिसतायत त्या गाठी, पण तुम्हाला कळलं तसं कळत नाही. मलाही बघायचंय.

बाबा : मग चपला काढ. पलंगापासून सुरू कर. आणि डोळे मीट.

लेक : मिटले. एक. दोन. पाय कुठे पडतोय काही समजत नाही हो. तुम्ही तीन वर्षं असे चालत होता?

बाबा : घाई नको. पूर्ण पाऊल टेक.

लेक : तीन. चार. थांबा... खरखरीत आहे. वळसा आहे. बाबा, लागली!

बाबा : मग आता डावीकडे वळ, बाळा. मी इथेच बसलोय.