ट्रकच्या ट्यूबमधलं पाणी

सावंताच्या होडीत बसायचा योग आला ना, तर आधी पाण्याचं विचारा. मी नव्हतं विचारलं.

सावंत आमच्या वाशीच्या सोसायटीतला. सोसायटी नवी होती तेव्हाची गोष्ट. त्याने केबिनवाली छोटी शिडाची होडी घेतली आणि मुरूडला जायचं काढलं. केबिनच्या फळीखालची प्यायच्या पाण्याची टाकी एवढीशी, म्हणून ती उपटून तिथे तुर्भ्याहून आणलेली ट्रकची ट्यूब ठेवली. तिला नळाची तोटी बसवली, पाणी भरून टम्म केली. "आता चार दिवस टेन्शन नाही," म्हणाला.

अलिबाग मागे पडलं, किनारा दिसेना, आणि केबिनमध्ये माझे पाय ओले झाले. बघतो तर घोटाभर पाणी.

"होडी फुटली रे," सावंत हळूच म्हणाला. मला पोहता येत नाही. आम्ही दोघं बादल्या घेऊन उपसायला लागलो. तळ दिसेपर्यंत उपसलं.

शेवटची बादली मी वाऱ्याच्या तोंडावर ओतली. सुकाणूवर सावंताची बायको, शैलावहिनी, बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावर शिंतोडे उडाले. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"अहो, हे खारट नाही."

"म्हणजे समुद्राचं नाही," सावंत मटकन खाली बसला. "वाचलो."

वहिनींनी आत जाऊन फळी उचलली. तोटी निसटलेली, ट्यूब चपटी.

"वाचलात," त्या म्हणाल्या. "आता पिणार काय?"

मी बादलीत डोकावलो. तोपर्यंत मला तहान लागलीच नव्हती.