चावीवाल्याचा नवा गाळा

...आणि वर मलाच म्हणतात, यशयाभाऊ, तुम्ही फार संशय घेता! अहो, घेणारच ना! तुम्हाला सांगतो, नगरच्या भर पेठेत डुप्लिकेट चाव्यांचा गाळा आपला, बापाचाही तोच, म्हणजे संशय हाच आमचा धंदा! लोकांना एकमेकांचा भरवसा वाटायला लागला तर मी खायचं काय?

तर तो बिल्डरचा माणूस आला, रविराज. एवढ्या उन्हात कोट! 'काका, ही अख्खी लाईन पाडायची, खाली दुकानं, वर फ्लॅट, जुन्या गाळ्याच्या बदल्यात नवा गाळा, एकदम फुकट!' फुकट? मी लगेच बायकोला, आमच्या कृपाला म्हणलं, बाई, यात काहीतरी गोम आहे.

शेजारचा बन्सी टेलर मात्र सही ठोकून मोकळा. शिंगणापूरचा ना तो! 'आरं यशया, आमच्या गावात घराला दारंच न्हाईत, आमी कशाला कुनावर संशय घ्यावा?' अरे बाबा, तिकडे शनिदेव बघतो, इथे कोण बघणार... रविराज?

म्हणून मीच बघितलं! नकाशात माझा अन् बन्सीचा, दोन्ही गाळे कुठे, तर 'लोअर ग्राउंड'ला. ग्राउंड म्हणजे तळमजला, हे मलाही कळतं हो, पण लोअर कशाला? कोटवाला गोड हसतो, 'काका, ग्राउंडच, फक्त थोडं खाली.' थोडं खाली! तळघर हो, तळघर! चावी हरवून घायकुतीला आलेला माणूस काय जिना उतरून मला शोधत येणार? म्हणलं, रस्त्याला टेकलेला गाळा दे, मला अन् बन्सीलाही, नाहीतर सही नाही. तर दिला! लगेच दिला! आता तुम्हीच सांगा, बिल्डर कधी लगेच देतो? म्हणलं, गोम आहे! मग पाण्याची टाकी बघितली, शटरचा पत्रा वाजवून बघितला, मोरीचा उतार बघितला... सापडेना!

नोंदणीला गेलो, तर सही करूनही भागेना, म्हणे यंत्रावर अंगठा ठेवा. अहो, मिशनच्या शाळेत शिकलोय मी, अंगठाबहाद्दर वाटलो काय? कृपा म्हणाली, 'अहो, सगळेच ठेवतात, ठेवा की आता.' ठेवला बाबा.

बिल्डिंग उभी राहिली. गाळा रस्त्याला टेकून, अगदी ठरल्यासारखा. चाव्यांचा बोर्ड लावला, मशीन बसवली अन् फ्लॅट बघायला वर गेलो. म्हणलं, एवढी बिऱ्हाडं, एवढी कुलपं, जन्माचं भागलं! रविराजनं एका दारापुढं उभं केलं. 'काका, बघा बरं उघडून.' मी सवयीनं खाली वाकलो... भोक कुठाय? वर चाचपतो, खाली चाचपतो, अहो, दाराला चावीचं भोकच नाही! 'चावी नसतेच काका आता, अंगठा ठेवायचा! सगळ्या फ्लॅटना तसंच.'

पुन्हा अंगठा!

गोम इथे होती हो! टाकी विचारली, मोरी विचारली, लोअर विचारलं, एक कुलूप तेवढं नाही विचारलं. कुलपाचं मी कुणाला कशाला विचारू? ते तर मला येतं ना! लय लागलं जिवाला, खरंच सांगतो.

बन्सी? तो सगळ्या बिल्डिंगचे पडदे शिवतोय. जाता-येता मला म्हणतो, 'यशया, तू तर आमच्याच गावात राह्यला आला की रं, चावी हितं बी न्हाई!'

आता काय करता... बसतो रस्त्याला टेकून. गिऱ्हाईक येईपर्यंत एवढंच बघतोय, अंगठ्याची डुप्लिकेट निघते का.