नेहमी यातच उघडा

खडकी बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रंगनाथ आपला प्रिंटर मांडीवर घेऊन बसला होता. साळवे मेकॅनिकच्या टेबलावर त्याच्या आधी आलेल्या नवरा-बायकोचा सीपीयू होता आणि रंगनाथचे कान तिकडेच होते.

"दादा, कुठलाही प्रोग्रॅम उघडायला जावं तर नोटपॅडच उघडतं," बायको सांगत होती. "आत नुसती चित्रविचित्र अक्षरं."

"हे आपोआप नाही होत, वहिनी. कुणीतरी एक प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये उघडलाय आणि वर 'नेहमी यातच उघडा'वर टिक केलीय. मग सगळेच तिथं जातात."

"अहो, तुम्ही?"

"मी फक्त चॅटचा उघडला होता."

"कशाला?"

"आत काही लिहिलेलं असेल, असं वाटलं."

"काय लिहिलेलं?"

"ते मला काय माहीत? ऑफिसातून आलीस की चहासुद्धा न घेता तिथं बसतेस. एकटीच हसतेस."

"एकटी कुठं? बंगलोरहून अनिरुद्ध असतो ना. कंपनीचं काम असतं."

"कामात हसू येतं? मी पंधरा वर्षं फॅक्टरीत आहे, मला नाही आलं कधी."

"मग मला विचारायचं होतं. मी वाचून दाखवलं असतं."

"सगळं?"

रंगनाथनं प्रिंटर सावरत मान पुढे काढली.

"झालं दुरुस्त," साळवे म्हणाला. "मागचं सगळं बोलणंही शाबूत आहे. चॅट उघडून दाखवू का?"

"नको!" दोघंही एकदम म्हणाली.