जमनी राठोड हिला दिलेल्या सुईबाबत

दिनांक ३ ऑक्टोबर १९६२

नाव मैनाबाई भ्रतार बाबाराव गावंडे, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी (नर्स), राहणार मौजे बेलदरी, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी गावच्या सरकारी दवाखान्यात नऊ वर्षांपासून नर्स आहे. नर्सची परीक्षा मी सन १९४७ मध्ये पास झाले. त्यानंतर आजपर्यंत मला कोणतेही शिक्षण मिळालेले नाही.

दिनांक ११ सप्टेंबर रोजी सकाळी नऊच्या सुमारास तांड्यावरचे डोंगरसिंग राठोड हे त्यांची बायको जमनी, वय अंदाजे २२, हिला बैलबंडीत घालून घेऊन आले. सोबत डोंगरसिंगची आई रुपीबाई व जमनीची बारा दिवसांची मुलगी होती. जमनीच्या छातीला गळू होऊन ताप भरला होता. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर होते. ते नसताना अशा रोग्याला पेनिसिलीनची सुई द्यावी, असा त्यांचा कायमचा तोंडी हुकूम आहे.

मी सुई भरत असताना रुपीबाई म्हणाली, "बाई, मांगच्या साली इले अशीच सुई देल्ली तं आंगभर गांधी उठल्या होत्या."

मी म्हणाले, "पित्त असेल. होते तसे."

मी असे म्हणाले हे खरे आहे. त्यानंतर मी सुई दिली.

तीन-चार मिनिटांत जमनीने गळा धरला. ओठ सुजले, दम कोंडला, नाडी हाताला लागेना. मी तिला आडवे केले, कपडे सैल केले. कंपाउंडर सदाशिवराव यांनी धावत येऊन हृदयाला जोर यावा म्हणून कोरामिनची सुई दिली. उपयोग झाला नाही. नऊ पस्तीसला ती मयत झाली. मुलगी तोपर्यंत बंडीतच झोपलेली होती.

दवाखान्याच्या कपाटात अ‍ॅड्रेनलिनच्या सुईच्या सहा काचेच्या कुप्या होत्या. कपाट टेबलापासून चार पावलांवर आहे. दर महिन्याला त्या मोजून मीच सही करते. ते दम्याचे औषध आहे, एवढेच मला माहीत होते. अशा वेळी तेच द्यायचे असते, आणि अंगावर गांधी उठलेल्या रोग्याला पेनिसिलीन द्यायचेच नसते, हे डॉक्टरसाहेबांनी मला १३ तारखेला सांगितले. ते म्हणाले, "हे तर सगळ्यांना ठाऊक असते." मी विचारले, "साहेब, सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

जुन्या नर्सेसकरिता नागपूरला सहा आठवड्यांचा उजळणी वर्ग असतो. त्याकरिता मी १९५८, १९६० व १९६१ मध्ये अर्ज केले. तिन्ही वेळा बदली नर्स नाही म्हणून सोडता येत नाही, असे उत्तर आले. तिसऱ्या वेळी डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, तुमचा हात चांगला आहे. तुम्हाला वर्गाची काय गरज?" पेनिसिलीनबाबत मागच्या वर्षी इंग्रजीत परिपत्रक आले होते, असे आता सदाशिवराव सांगतात. ते मी फाइलीत पाहिले. त्यावर 'पाहिले' असा शेरा आहे. मला ते कोणी वाचून दाखवले नव्हते.

मी दोनदा तांड्यावर जाऊन आले. मुलगी बकरीच्या दुधावर आहे. रुपीबाईने मला प्यायला पाणी दिले. डोंगरसिंगने विचारले, "बाई, मायनं तुमाले सांगतलं होतं, मंग काहून देल्ली?"

तेव्हापासून मी प्रत्येक रोग्याला आधी विचारते. त्यामुळे रांग लांबते व लोक चिडतात. दिनांक २९ रोजी रामसिंग नावाच्या इसमाने, पूर्वी सुईने गांधी उठल्या होत्या, असे सांगितले. मी त्याला सुई न देता गोळ्या दिल्या. नर्स रोग्यांना सुई नाकारते, असा त्याने माझ्याविरुद्ध वर अर्ज केला आहे. त्याचेही उत्तर माझ्याकडून मागितले आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, असे लिहू का, म्हणून हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारले. मी नको म्हणाले.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात 'माझी चूक झाली' असे लिहिले होते. ते मी खोडायला सांगितले नाही. त्यापुढे 'मला शिकवले नव्हते' एवढे जोडायला सांगितले व ते माझ्यासमोर जोडले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

जबाब देणार,
(सही) मैनाबाई बाबाराव गावंडे