सगुणाची गादी

नाही हो वैद्यबुवा, क्षय नाही तो, तुम्ही रक्त विचारलंत, रक्त एकदाही नाही — सगुणाला नुसती कोरडी ढास, आणि दम. विहिरीवरून घागर आणायची, आता उंबऱ्यापर्यंत येताना चारदा बसते. काढा बदलून द्या. तुमचा हात चांगला आहे म्हणतात, पार नाचणे गावापासून लोक तुमच्याकडे येतात — काय म्हणालात? पांढरं? हातावर घेऊन बघताय ते होय, ते गादीतलं. शिवण उसवली की गळतं थोडं.

कापूस नव्हे तो. दगडी कापूस. जर्मनची लढाई संपली त्या साली मी मुंबईच्या गोदीत लागलो ना — बोटीच्या पोटात वाफेचे नळ असतात, हात लागला तर कातडं निघून यायचं, त्यांना आम्ही हे गुंडाळायचो, वर पांढरा लेप, भाकरीच्या पिठासारखा मळून. जुनं खरवडून काढलेलं टाकूनच देत. मी दर शिमग्याला गाठोडं भरून आणायचो. हिची पाठ धरायची, आणि आपल्याकडच्या पावसात कापसाच्या गादीला बुरशी — या गादीला ढेकूण नाही, बुरशी नाही. साऱ्या वाडीत तशी गादी नव्हती. फार जपते हो. दसऱ्याला उसवते, दार लावून घेते वाऱ्याने उडू नये म्हणून, काठीने झोडून झोडून पिंजते, पुन्हा भरते. पंधरा वर्षं. बाहेर यायची ती भुवयांपासून पांढरी, मी हसायचो, म्हणायचो, म्हातारी झालीस गो —

मी? मला कुठे काय आहे. माझ्याबरोबरचे गेले, वेळणेश्वरचा केरू, मालगुंडचा बाबल्या, दोघेही ढासूनच. आम्ही म्हणायचो मुंबईची हवा. मी राहिलो. मी फडकं बांधायचो ना तोंडाला. मिस्त्रीने सांगितलं होतं पहिल्याच दिवशी, हे नाकात जाऊ देऊ नकोस. बाकीचे हसायचे मला, नवरी म्हणायचे. मी बांधायचोच.

हिला?

हिला नाही सांगितलं. सुचलंच नाही वैद्यबुवा. घरात कसलं फडकं — घरात ते गादीच होतं हो. असे बघू नका. काढा द्या, कडू असू दे, मी पाजीन, रोज पाजीन, काहीतरी असेलच ना तुमच्या त्या बटव्यात —

जाळून टाकू म्हणता?

ते जळत नाही. पेटत्या चुलीत घाला, सकाळी जसंच्या तसं. म्हणून तर बोटीवर घालायचे. पुरायचं तर आधी तिला गादीवरून उठवायला हवं, आणि ती विचारेल, का हो? मी काय सांगू? तुम्ही सांगा. नको — तुम्ही नका. तुम्ही काही बोलू नका तिच्यापाशी.

आलो गो, आलो! पाणी मागत असेल. या तुम्ही आता, वैद्यबुवा. तो हात तेवढा धुऊन जा.